किडलेला दात मोजायचा कसा?



टूथपेस्टच्या डब्यावर आणि टीव्हीवरच्या जाहिरातीत एक वाक्य आपण नेहमी वाचतो-ऐकतो : 'दातांची कीड इतके टक्के कमी!' पांढरा कोट घातलेला माणूस हसत हसत तो आकडा सांगतो आणि आपण महागाची ट्यूब घरी आणतो. पण हे टक्के कशाचे? दातांचे, मुलांचे, की दुखण्याचे? कुणाच्या तोंडात मोजले आणि किती दिवस मोजले? या आठवड्यात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

दातांचे संशोधन ही डॉक्टर लोकांची बाब आहे, त्याच्याशी आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. संबंध आहे. ज्या दुखण्याची मोजणी होते त्याच्यासाठी सरकारी खर्चाची तरतूद होते. ज्याची मोजणीच होत नाही ते दुखणे घरातल्या घरात लवंग लावून सोसले जाते. म्हणून मोजणी कशी होते, हे कामगाराच्या घरातही माहीत असले पाहिजे.

दातात किडा नसतो

आधी मूळ गोष्ट. दातात किडा नसतो. धुरी देऊन किंवा नळी लावून किडा काढून दाखवणारे लोक आजही बाजारात बसतात. ती हातचलाखी आहे. दातावर जो चिकट थर बसतो त्यात जंतू असतात. आपण साखर खाल्ली की ते जंतूही ती खातात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचे वरचे कवच झिजवते. थुंकी ही झीज थोडी थोडी भरून काढते, पण तिला वेळ लागतो. दिवसातून दहा वेळा तोंडात गोड गेले तर तिला वेळच मिळत नाही. आधी पांढरा डाग पडतो, मग खड्डा पडतो, मग खड्डा नसेपर्यंत पोचतो आणि मूल रात्री रडू लागते.

आता प्रश्न असा की, या प्रवासात 'कीड लागली' असे नेमके कुठे म्हणायचे? पांढऱ्या डागाला, खड्ड्याला, की पू आल्यावर? संशोधक जिथे रेघ ओढील तसा आकडा बदलतो.

किडलेले, काढलेले, भरलेले

१९३८ साली अमेरिकेत हेन्री क्लाइन आणि कॅरोल पामर यांनी मेरीलँड राज्यातल्या हॅगर्सटाऊनच्या शाळकरी मुलांचे दात तपासून एक सोपी पद्धत रूढ केली. मुलाच्या तोंडातले किडलेले दात, किडीमुळे काढलेले दात आणि भरलेले दात यांची बेरीज करायची. आपण तिला 'कि-का-भ' म्हणू. एका मुलाचे दोन दात किडलेले, एक काढलेला आणि एक भरलेला असेल तर त्याचा कि-का-भ ४. पद्धत सोपी, पैसा कमी लागतो, आरसा आणि उजेड असला की शाळेच्या व्हरांड्यातही काम होते. म्हणून ती जगभर गेली आणि आजही चालू आहे.

पण या बेरजेत एक गोष्ट लपलेली आहे. दोन मुले डोळ्यांपुढे आणा. एकाच्या चार दाढा किडल्या. बापाने दवाखान्यात नेऊन चारही भरून घेतल्या. तो आता चणेफुटाणे खातो. दुसऱ्याच्याही चार दाढा किडल्या. बाप बिगारी, दवाखाना लांब, खाडा परवडत नाही. चारही दाढा तशाच आहेत आणि पोर एका बाजूने चावते. या दोघांचा कि-का-भ किती? दोघांचाही ४! कागदावर दोघे सारखे. एकाला उपचार मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाहीत, हा फरक बेरजेत पुसला जातो. म्हणून कोणताही अहवाल वाचताना नुसती बेरीज पाहू नये. त्यात किडलेले किती आणि भरलेले किती, हे वेगळे विचारावे.

दुसरी गोष्ट. हा आकडा वाढतो, पण उतरत नाही. भरलेला दातही त्यात मोजलेला राहतो आणि काढलेला दातही. त्यामुळे उपचारामुळे मुलाला आराम पडला की नाही, हे त्यातून कळत नाही.

सरासरीच्या आड कोण आहे?

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक संघाबरोबर एक ध्येय ठरवले : सन २००० पर्यंत १२ वर्षांच्या मुलांचा सरासरी कि-का-भ ३ पेक्षा जास्त असू नये. ध्येय चांगले. पण सरासरी फसवी असते. समजा, एका वर्गात ३० मुले आहेत. २० मुलांचे दात ठणठणीत आहेत आणि १० मुलांचे प्रत्येकी ६ दात किडले आहेत. एकूण ६० दात, भागिले ३०, सरासरी २. म्हणजे ध्येय गाठले! अहवालात शाबासकी मिळेल. पण त्या १० मुलांचे काय?

स्वीडनमधल्या डग्लस ब्राटहॉल यांनी २००० साली यावर तोड सुचवली. वर्गातली ज्यांचे दात सर्वांत जास्त खराब आहेत अशी एक तृतीयांश मुले वेगळी काढा आणि फक्त त्यांची सरासरी काढा. आपल्या उदाहरणात ती २ नव्हे, ६ येते. ही दहा मुले बहुतेक वेळा कोणत्या घरातली असतात, हे आम्ही सांगायला नको. एकूण सरासरीत जी माणसे दिसत नाहीत त्यांना वर आणणारा हा हिशेब आहे, आणि तो मांडायला जास्त खर्चही येत नाही.

ज्यांना विचारले नाही त्यांच्या तोंडातला पुरावा

गोडामुळे दात किडतात हे आज लहान मूलही सांगते. पण ते मोजून कुणाच्या तोंडात सिद्ध झाले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ विपेहोल्म नावाचे मतिमंद रुग्णांचे मोठे सरकारी इस्पितळ होते. १९४५ पासून तिथे दातांवर अभ्यास सुरू झाला. १९४७ ते १९४९ या काळात रुग्णांचे गट पाडून त्यांना वेगवेगळ्या तऱ्हेने साखर देण्यात आली. काहींना जेवणाबरोबर गोड पेय, काहींना गोड पाव, काहींना चॉकलेट, तर काहींना दोन जेवणांच्या मध्ये दिवसाला ८ किंवा २४ टॉफ्या. या टॉफ्या मुद्दाम दाताला चिकटून राहतील अशा बनवलेल्या होत्या. अभ्यासामागे साखर आणि गोळ्या-चॉकलेट उद्योगाचाही पैसा होता.

निष्कर्ष १९५४ साली छापून आले. जेवणाबरोबर साखर खाल्ली तर कीड फार वाढत नाही; तीच साखर चिकट रूपात जेवणांच्या मधल्या वेळेत पुन्हा पुन्हा खाल्ली तर दात झपाट्याने किडतात. म्हणजे साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, हे महत्त्वाचे ठरले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये मुलांना आठवड्यातून एकदाच, शनिवारी, गोळ्या-चॉकलेट देण्याचा सल्ला सरकारी पातळीवरून दिला गेला. ती चाल तिथे अजून आहे.

शोध खरा आहे, उपयोगाचा आहे. पण त्या रुग्णांना कुणी विचारले होते? ज्यांना 'नाही' म्हणता येत नव्हते अशा माणसांचे दात मुद्दाम किडवले गेले. ज्या १९४७ साली न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने 'माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वतःची संमती पाहिजे' असे बजावले, त्याच वर्षी हे घडत होते. माणसाला हलके लेखले की त्याचे शरीर दुसऱ्याच्या सोयीचे साधन होते, ही गोष्ट आपल्या समाजाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. आज आपल्या वस्तीत कुणी तपासणी किंवा प्रयोगासाठी आले, तर कागदावर अंगठा किंवा सही देण्याआधी कागद वाचून घ्यावा, नसेल समजला तर विचारावे, आणि पटले नाही तर नाही म्हणावे. तो आपला हक्क आहे.

पाण्यातले फ्लोराइड : फायदा आणि तोटा

२५ जानेवारी १९४५ रोजी अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या नळाच्या पाण्यात ठरावीक प्रमाणात फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. ताडून पाहण्यासाठी मस्कीगन हे शेजारचे शहर ठेवले होते. ११ वर्षांनी जाहीर झाले की, फ्लोराइड सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांत कीड ६० टक्क्यांहून अधिक कमी झाली. पण तुलनेसाठी ठेवलेल्या मस्कीगननेही १९५१ साली आपल्या पाण्यात फ्लोराइड घातले, त्यामुळे पुढची तुलना तिथेच थांबली. आज टूथपेस्टमध्येच फ्लोराइड आले आहे, म्हणून पाण्याचा वेगळा फायदा कमी उरला आहे. २०२४ साली कॉक्रेन या संस्थेने जगातले अभ्यास एकत्र तपासले. १९७५ नंतरच्या अभ्यासांत हा फायदा मुलामागे दुधाच्या सुमारे पाव दाताएवढाच दिसला. तेव्हाचा आकडा आज जसाच्या तसा चालत नाही, तो असा.

फायदा मोजणाऱ्याने तोटाही मोजला पाहिजे. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत जमिनीतल्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते वर्षानुवर्षे पोटात गेले तर लहानपणी दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, आणि प्रमाण फार वाढले तर हाडे-सांधे आखडतात. तिथे पहिली मागणी चांगल्या पाण्याची असली पाहिजे.

ते 'टक्के' म्हणजे काय?

आता जाहिरातीतल्या टक्क्यांकडे येऊ. २००३ साली कॉक्रेनने फ्लोराइड टूथपेस्टचे ७० प्रयोग एकत्र केले. त्यांत ४२,३०० मुले होती. निष्कर्ष असा की, पक्क्या दातांची कीड २४ टक्के कमी होते. याचा अर्थ १०० पैकी २४ मुले किडीपासून सुटली, असा नाही. मोजणी दातांच्या बाजूंची होती. पुढच्या दाताला ४ आणि दाढेला ५ बाजू धरतात. नव्याने किडणाऱ्या बाजू २४ टक्क्यांनी कमी झाल्या, एवढाच त्याचा अर्थ.

आणि टक्के तेच राहिले तरी फायदा सगळीकडे सारखा नसतो. जिथे मुलामागे वर्षाला सरासरी २.६ बाजू किडतात, तिथे दोनएक मुलांनी ही पेस्ट वापरली की वर्षाला एक बाजू वाचते. जिथे १.१ बाजूच किडतात, तिथे एक बाजू वाचायला चारएक मुले लागतात. म्हणजे जिथे कीड जास्त, तिथे साधी फ्लोराइडची पेस्ट जास्त उपयोगी. वस्तीतल्या घरांसाठी ही महत्त्वाची गोष्ट आहे. त्यासाठी महागडी पेस्ट लागत नाही. फ्लोराइड असलेली स्वस्त पेस्टही तेच काम करते.

दुखले का, हे कुणी विचारले?

२०१० साली फिलिपाइन्समध्ये काम करणाऱ्या बेला मोन्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळी मोजणी मांडली. खड्ड्यातून दाताची नस उघडी पडली आहे का, तुटक्या दाताने जीभ-गाल सोलले आहेत का, हिरडीतून पू वाहतो का, गळू आले आहे का, हे मोजायचे. तिथल्या राष्ट्रीय पाहणीत ६ वर्षांच्या १०० मुलांपैकी ८५, आणि १२ वर्षांच्या १०० पैकी ५६ मुलांच्या तोंडात यांपैकी काही ना काही सापडले. कि-का-भच्या बेरजेत ही मुले नुसती 'किडलेला दात' म्हणून मोजली जात होती. नव्या मोजणीत त्यांचे दुखणे दिसू लागले.

त्याआधी २००७ साली अमेरिकेत आई-बापांना विचारायचे १३ प्रश्न तयार झाले. मुलाचा दात दुखला का? गरम-थंड पिताना त्रास झाला का? खाता येत नाही असे झाले का? झोप मोडली का? शाळा बुडाली का? हसायचे टाळते का? आणि घरच्यांसाठी : मनाला लागून राहिले का? कामावर खाडा पडला का? पैशांची ओढाताण झाली का? आमच्या मते दातांच्या मोजणीत कामगाराच्या घराला आपले घर पहिल्यांदा दिसते ते इथे. किडलेल्या दाढेची किंमत एक दाढ एवढीच नसते. आईची रात्रभराची जाग, बापाचा बुडालेला रोज आणि पोराची चुकलेली परीक्षा हेही त्यात धरावे लागते.

एकच प्रयोग, तीन उत्तरे

काय मोजायचे हे बदलले की उत्तर कसे बदलते, त्याचे एक चांगले उदाहरण उत्तर आयर्लंडमधले आहे. तिथे २ ते ३ वर्षांची, एकही दात न किडलेली १,२४८ मुले घेतली. निम्म्यांच्या दातांना वर्षातून दोनदा फ्लोराइडचा लेप दिला, शिवाय ब्रश, पेस्ट आणि सल्ला दिला; उरलेल्यांना फक्त सल्ला. तीन वर्षांनी तपासले. पहिला प्रश्न : किती मुलांना कीड लागली? लेपवाल्यांत १०० पैकी ३४, उरलेल्यांत ३९. हा फरक इतका लहान की तो योगायोगही असू शकतो. दुसरा प्रश्न : ज्यांना लागली त्यांच्या किती बाजू किडल्या? एकीकडे ७.२, दुसरीकडे ९.६. इथे लेपाचा फायदा स्पष्ट दिसला. तिसरा प्रश्न : दुखण्याचे प्रसंग आणि काढावे लागलेले दात? यात फरक नाही. २०१७ साली हे छापून आले. लेप विकणारा दुसरा आकडा सांगेल, खर्च वाचवू पाहणारा पहिला सांगेल. आईने मात्र तिन्ही विचारावेत.

दुसरा प्रयोग इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या ७२ दवाखान्यांतला. दुधाच्या दाढा किडलेली ३ ते ७ वर्षांची १,१४४ मुले. एका गटात नेहमीप्रमाणे कोरून दात भरले. दुसऱ्यात न कोरता, स्टीलची कॅप वगैरे बसवून कीड आतच बंद केली. तिसऱ्यात फक्त ब्रश, पेस्ट, लेप, आहार यांवर भर दिला. ही काळजी पहिल्या दोन गटांतही घेतलीच होती. इथे मुख्य मोजमाप ठेवले ते मुलाच्या दुखण्याचे आणि पू होण्याचे. जवळजवळ तीन वर्षांत तो त्रास झालेली मुले १०० पैकी अनुक्रमे ४२, ४० आणि ४५ निघाली. म्हणजे तिन्ही वाटांत ठाम फरक आढळला नाही. याचा अर्थ 'उपचार नको' असा कुणी काढू नये. ही सगळी मुले दवाखान्याच्या देखरेखीखाली होती. अर्थ असा की, दाढेत खोल कीड गेल्यावर कोणतीही वाट धरली तरी दर पाच मुलांत दोघांना त्रास होतोच. खरी कमाई कीड लागण्याआधीच्या काळात आहे.

आपण काय करावे?

भारतात २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत ५ वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले. तेव्हा हा प्रश्न आपल्या चाळीतला, आपल्या वस्तीतलाच आहे.

घरी दोन वेळा ब्रश करावा, रात्री झोपण्यापूर्वी तर नक्कीच. डब्यावर फ्लोराइड १००० पीपीएम किंवा अधिक लिहिले आहे का ते पाहावे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. पेस्ट थुंकावी, पण नंतर भराभरा चुळा भरून ती धुऊन टाकू नये. ज्या गावच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे तिथे डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लेमनच्या गोळ्या, क्रीमचे बिस्कीट, गोड चहा दिवसभर थोडा थोडा चालू ठेवू नये. खाऊ बाजाराच्या दिवशी, जेवणाबरोबर द्यावा. दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपवू नये. आणि 'दुधाचे दात पडणारच आहेत' म्हणून गप्प बसू नये. त्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. केसपेपर काढून तिथे दात दाखवता येतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते, तीत दातही पाहिले जातात.

शेवटी महिला मंडळांना आणि शाळेच्या पालक सभेला जाणाऱ्या सर्वांना आमची विनंती. शिबिर झाले की 'इतकी मुले तपासली' एवढ्यावर टाळ्या वाजवून उठू नका. तपासलेल्यांपैकी किती मुलांचे दात किडलेले निघाले? त्यांतल्या किती जणांना पुढे दवाखान्यात उपचार मिळाले? किती जणांचे दुखणे थांबले? सहा महिन्यांनी पुन्हा कोण पाहणार आहे? हे चार प्रश्न वहीत लिहून न्या, उत्तरे तिथेच लिहून घ्या, आणि पुढच्या सभेला तीच वही घेऊन जा.